फ्यूज शाबूत, होल्डर वितळलेला: घरच्या अ‍ॅम्प्लिफायरसाठी फ्यूज होल्डर कसा निवडायचा?

"अगं, काहीतरी जळतंय बघ," आई स्वयंपाकघरातून ओरडली. गणपतीचे दिवस, आरती नुकतीच संपलेली, ओटीवर पोरांची गाणी सुरू. मला वाटलं कापूर असेल. पण वास कापराचा नव्हता, प्लास्टिकचा होता, आणि तो मखराच्या मागून येत होता. मखराच्या मागे माझा अ‍ॅम्प्लिफायर ठेवलेला. मी स्वतः जुळवलेला, जरा मिरवलेलासुद्धा. त्याच्यापासून वीतभर अंतरावर पडद्याचं कापड आणि क्रेप कागदाच्या झालरी.

मेन स्विच बंद केला, पिन काढली, झाकण उघडलं. ट्रान्सफॉर्मर ठीक. बोर्ड ठीक. फ्यूजही ठीक, त्याची तार जशीच्या तशी. वितळला होता तो फ्यूज ज्याच्यात बसवला होता तो होल्डर. पंधरा-वीस रुपयांची काळी प्लास्टिकची नळी शेंगदाण्याच्या टरफलासारखी सुरकुतली होती आणि शेजारच्या वायरला चिकटून बसली होती.

मी नोकरीने सॉफ्टवेअरवाली, डिग्री मात्र इलेक्ट्रॉनिक्सची. तरी त्या दिवशी पहिला प्रश्न डोक्यात आला तो अगदी बाळबोध होता: एवढं गरम झालं, तर फ्यूज का नाही उडाला? त्या एका प्रश्नाच्या मागे लागून जे समजलं ते आज सांगते. तुमच्यापैकी बरेच जण व्हिडिओ बघून अ‍ॅम्प्लिफायर बनवता. त्या व्हिडिओंत ट्रान्सफॉर्मर, बोर्ड, हीटसिंक यांवर वीस मिनिटं असतात आणि फ्यूज होल्डर "इकडे एक लावून टाका" एवढ्यात संपतो.

फ्यूजला ताप कळत नाही

फ्यूज एकच गोष्ट ओळखतो: त्याच्यातून किती करंट जातोय. ठरलेल्यापेक्षा जास्त करंट ठरलेल्यापेक्षा जास्त वेळ गेला की आतली तार वितळते, बस. शेजारी आग लागली आहे का, याची त्याला खबर नसते.

माझ्या होल्डरमध्ये करंट जास्त नव्हताच. ५ अँपियरच्या फ्यूजमधून अंदाजे ३ अँपियर जात होते. फ्यूजच्या दृष्टीने सगळं आलबेल. बिघडला होता तो फ्यूजची टोपी आणि होल्डरची पट्टी यांच्यातला जोड. जोड सैल झाला, गंजला की त्याचा रोध वाढतो, आणि रोधातून करंट गेला की उष्णता होते.

याचा अनुभव तुम्ही फोनवर घेतलेला आहे. चार्जिंगची केबल जुनी झाली, टोक डुगडुगायला लागलं की ते हाताला गरम लागतं. चार्जर तोच, फोन तोच, करंटही तेवढाच. गरम होतो तो फक्त जोड. फोनमधलं सॉफ्टवेअर निदान "पोर्टमध्ये ओलावा आहे" असा इशारा देतं आणि चार्जिंग थांबवतं. पंधरा रुपयांच्या होल्डरला कसलं सॉफ्टवेअर?

आता हिशोब. जो होल्डर वितळला तो मोजण्याच्या अवस्थेत नव्हता, पण दुसऱ्या बाजूचा त्याचा जुळा भाऊ अजून धड होता. त्याच्यातून बरोबर १ अँपियर सोडला आणि दोन टोकांमध्ये मल्टिमीटर लावला, तर ४२० मिलिव्होल्ट. म्हणजे रोध ०.४२ ओहम. ३ अँपियरला उष्णता किती? करंटचा वर्ग गुणिले रोध: ९ × ०.४२, म्हणजे पावणेचार वॉट. आकडा लहान वाटेल. पण हा सगळा ताप बोटाच्या दोन पेरांएवढ्या बंद नळीत, वारा नाही, जागा नाही, आणि तासन्‌तास. वितळलेला होल्डर याहून वाईट असणार, हे उघड आहे. आणि व्होल्टेज किती कमी झालं? सव्वा व्होल्टच्या आसपास. गाण्याच्या आवाजात एवढा फरक कुणाच्या कानाला कळणार?

मोऱ्याची हवा

हे माझ्याच घरी का झालं, याला एक कारण पत्ता आहे. आम्ही मोऱ्याला राहतो, उरणजवळच्या बंदरात. भाऊच्या धक्क्यावरून लाँच पकडली की समोर उतरायचं ते हे गाव. इथे खिडकीचे गज, सायकलची साखळी, गॅसची शेगडी, सगळ्यावर खारा वारा काम करत असतो. मीठ ओलावा धरून ठेवतं, आणि दोन वेगवेगळे धातू एकमेकांना टेकलेले असतील तर गंज आणखी लवकर चढतो. होल्डरमध्ये नेमकं तेच असतं: फ्यूजची टोपी एका धातूची, पट्टी दुसऱ्या, स्प्रिंग तिसऱ्या.

तुम्ही नागपूरला किंवा सोलापूरला असाल तर हा त्रास कमी होईल, पण धूळ आणि उन्हाळा तुमच्या वाट्याला आहेच. अलिबाग, रत्नागिरी, मालवण, वसईवाल्यांनी मात्र पुढचं जरा लक्ष देऊन वाचा.

आधी: फ्यूज लागतोच का?

लागतो. "घरात एमसीबी आहे की" हे उत्तर मी भरपूर ऐकलंय. बाबांचं उत्तर तर त्याहून जुनं, कटआउटच्या काळातलं: फ्यूजची तार उडते ना, मग जरा जाड तार घाल.

एमसीबी भिंतीतल्या वायरिंगसाठी असतो. प्लग पॉइंटच्या लाइनला ६ किंवा १६ अँपियरचा एमसीबी असेल, तर ६ अँपियर म्हणजे २३० व्होल्टला जवळजवळ १४०० वॉट. तुमचा ट्रान्सफॉर्मर २४० वॉटच्या घरातला. तो दुप्पट लोड घेऊन आतल्या आत भाजत राहिला तरी एमसीबीला त्याचा पत्ता लागणार नाही.

ब्रिटनमध्ये यावर एक वेगळी सोय आहे. तिथल्या प्रत्येक तीन पिनच्या प्लगमध्येच एक छोटा फ्यूज बसवलेला असतो, बहुतेक वेळा ३ किंवा १३ अँपियरचा. आपल्या प्लगमध्ये तसं काही नसतं. म्हणून परदेशी सर्किट बघून बनवताना "त्यांनी तर आत एकच फ्यूज दिलाय" असं म्हणू नका. त्यांचा एक फ्यूज भिंतीजवळ आधीच आहे.

आणि हेही स्पष्ट असू द्या: फ्यूज माणसाला शॉकपासून वाचवत नाही. जीव जायला अँपियरचा छोटासा अंश पुरतो, फ्यूज त्याच्या कितीतरी पट वर उडतो. माणसासाठी अर्थिंग आणि ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी. फ्यूज आगीसाठी.

किती अँपियरचा?

होल्डर निवडण्याआधी फ्यूज ठरतो, म्हणून हे थोडक्यात. माझा ट्रान्सफॉर्मर टोरॉइडल, म्हणजे मेदूवड्यासारखा गोल, २४-०-२४ व्होल्ट, ५ अँपियर. ४८ × ५ = २४० व्हीए. २३० ने भागा: पूर्ण लोडला प्रायमरीत साधारण १.०४ अँपियर. याच्या दीडपट ते दुप्पट, म्हणजे १.६ किंवा २ अँपियरचा फ्यूज.

तो स्लो ब्लो हवा. फ्यूजच्या टोपीवर बारीक अक्षरं कोरलेली असतात. सुरुवातीला 'एफ' असेल तर फास्ट, 'टी' असेल तर सावकाश उडणारा. टोरॉइडल ट्रान्सफॉर्मर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या दहापट किंवा त्याहून जास्त करंट ओढू शकतो, वर ते मोठे कपॅसिटर, दुकानात ज्यांना कंडेन्सर म्हणतात, ते रिकामे असतात, तेही भरून घेतात. एफ फ्यूज यात बळी जातो. कधी जातो, कधी नाही जात, आणि त्यामुळे माणूस वेडा होतो. खरं कारण असं की तुम्ही बटण दाबलं तेव्हा एसीची लाट कुठे होती आणि ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात आधीचं किती चुंबकत्व उरलं होतं, यावर तो पहिला झटका ठरतो. लाट शून्यातून जाताना बटण दाबलं गेलं, तर सगळ्यात मोठा झटका. आम्हा कोडवाल्यांच्या भाषेत हा कधीमधी दिसणारा बग आहे, आणि तसल्या बगवर "जाऊ दे, लिमिट वाढव" हा उपाय जितका वाईट तितकाच इथेही वाईट. टी २ अँपियरही सुरू करतानाच उडत असेल तर फ्यूज वाढवत नेऊ नका, सॉफ्ट स्टार्ट लावा: पहिला क्षण एका रेझिस्टरमधून, मग रिले त्याला बायपास करतो.

त्याच टोपीवर शेवटी 'एल' किंवा 'एच' असतं, ते कुणी बघत नाही. फ्यूज उडताना आत ठिणगी पडते. किती मोठा शॉर्ट तो सुरक्षितपणे तोडू शकतो, ते हे अक्षर सांगतं. काचेच्या एल फ्यूजची हमी ३५ अँपियर किंवा त्याच्या रेटिंगच्या दहापट, यातलं जे जास्त असेल तेवढीच. वाळू भरलेल्या सिरॅमिक एच फ्यूजची १५०० अँपियर. भिंतीतल्या सॉकेटवर थेट शॉर्ट झाला तर करंट शेकड्यांत जाऊ शकतो. म्हणून मेनच्या बाजूला पांढरा सिरॅमिक. काचेचा फ्यूज फुटून त्याचे तुकडे कॅबिनेटभर सांडलेले मी एकदा पाहिलेत.

होल्डर: दुकानात काय बघायचं

उरणला १२ जानेवारी २०२४ पासून लोकल आली, अटल सेतूही त्याच दिवशी सुरू झाला, पण मला खरेदीला जायचं असलं की अजून लाँचच बरी वाटते. भाऊच्या धक्क्यावर उतरायचं, तिथून टॅक्सीने लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलेलं असतं, लोक मात्र शंभर वर्षांपूर्वीच्या गव्हर्नरच्याच नावाने ओळखतात. पुण्यातल्यांसाठी बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. परतीच्या लाँचची वेळ तेवढी भरती-ओहोटी बघून धरायची.

दुकानात तीन-चार जातीचे होल्डर मिळतात. सगळ्यात स्वस्त तो वायरमध्ये लोंबणारा, दोन्ही बाजूंनी वायर आलेली आणि मधून फिरवून उघडणारी नळी. माझा वितळला तो हाच. त्याची मेख आतल्या स्प्रिंगमध्ये आहे. स्वस्त होल्डरमध्ये ती स्प्रिंग फक्त फ्यूज दाबून धरत नाही, करंटही तिच्यातूनच जातो. पोलादाची, लांब, गुंडाळलेली तार. पोलादाचा रोध तांब्याच्या कितीतरी पट असतो. त्यात ती गरम झाली की तिचा ताण जातो, ताण गेला की जोड सैल होतो, जोड सैल झाला की ती आणखी गरम होते. हे चक्र एकदा फिरायला लागलं की थांबत नाही. गाडीच्या हॉर्नसाठी ठीक असेल, दिवसभर चालणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये नको.

दुसरा पीसीबीवरचा, दोन उघड्या चिमट्यांचा. हा करंटच्या दृष्टीने चांगला असतो, चिमटे पितळेचे किंवा फॉस्फर ब्राँझचे असतील तर फारच चांगला, हवाही खेळते. पण दोन्ही टोकं उघडी, म्हणून मेनच्या २३० व्होल्टसाठी टाळा. तिथे लावायचाच असेल तर वर झाकण हवं. कॅबिनेटच्या आत सेकंडरीच्या बाजूला मी आता हेच वापरते.

तिसरा पॅनेलवर बसणारा, टोपी दाबून-फिरवून उघडणारा. आणि चौथा, माझ्या मते घरच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या मेनसाठी सगळ्यात बरा: कॉम्प्युटरच्या एसएमपीएसला असतो तसा तीन पिनचा पॉवर सॉकेट, ज्याच्याखाली फ्यूजचा छोटा ड्रॉवर असतो. चांगल्या बनावटीच्या सॉकेटमध्ये केबल लावलेली असताना ड्रॉवर उघडता येत नाही. म्हणजे फ्यूज बदलणाऱ्याला पिन काढावीच लागते, त्याची इच्छा असो वा नसो. ड्रॉवरमध्ये बहुतेक वेळा एक जादा फ्यूज ठेवायचा कप्पाही असतो. आमच्या घरी बाबा, काका आणि गल्लीतली चार पोरं मला न विचारता झाकण उघडू शकतात, तेव्हा ही सोय मला फार मोलाची वाटते.

स्विचसकट मिळणारा सॉकेट घेतलात तर एक काळजी. त्याच्या मागच्या सगळ्या पाती आतून जोडलेल्या नसतात. फेज आधी फ्यूजमधून, मग स्विचमधून, मग ट्रान्सफॉर्मरला, अशी साखळी तुम्हाला बाहेरून वायरने पूर्ण करावी लागते. मल्टिमीटरच्या बजरवर तपासा: फ्यूज काढला की साखळी तुटलीच पाहिजे. तुटत नसेल तर फ्यूज नुसता शोभेला बसलाय.

आता होल्डर हातात घेऊन करायच्या चाचण्या. खिशात छोटा चुंबक ठेवा. पट्ट्यांना जोरात चिकटला तर त्या लोखंडी आहेत, परत द्या. बारीक ओढ जाणवली तर निकेलचा मुलामा असू शकतो, ते चालतं. फ्यूज घालून हलवा, डुगडुगायला नको. आणि फ्यूज काढताना थोडा जोर लागला पाहिजे.

माप नीट बघा. ५×२० मिलिमीटर हे एक, आणि ६.३×३२ हे दुसरं. पण बाजारात ६×३० सुद्धा भरपूर येतो. तो ६.३×३२ च्या होल्डरमध्ये बसल्यासारखा वाटतो आणि सैल राहतो. दुकानदार "चलता है" म्हणेल. सुरू होईल हे खरं, पण माझाही सुरूच होता. मी सगळीकडे ५×२० ठेवलाय, म्हणजे ही भानगडच नको.

होल्डरवर "१० ए २५० व्ही" लिहिलंय म्हणून खूश होऊ नका. स्वतः फ्यूजही तापतो, आणि होल्डरला तो ताप सोसायचा असतो. चांगल्या कंपन्या, शुर्टर, लिटेलफ्यूज वगैरे, डेटाशीटमध्ये अँपियरबरोबर वॉटही देतात: हा होल्डर फ्यूजची एवढी उष्णता झेलू शकतो. तो आकडा २३ अंश तापमानाचा असतो. मे महिन्यात बंद कॅबिनेटमध्ये, हीटसिंकच्या शेजारी, २३ अंश स्वप्नात. खोलीच जिथे ३५ असते तिथे आत ५० सहज होतात. त्याच डेटाशीटमध्ये तापमान वाढलं की क्षमता किती घटते याचा उतरता आलेखही असतो. तो मिळाला तर त्यावरून, नाही मिळाला तर छापलेल्या अँपियरच्या निम्म्यावरच थांबा. नाव नसलेल्या होल्डरला डेटाशीटच नसतं, आणि हीच त्याची खरी किंमत.

प्लास्टिकबद्दल एकच. बेकेलाइट वितळत नाही, फार तर काळवंडतं, तडकतं. साधं प्लास्टिक असेल तर डेटाशीटमध्ये 'व्ही-०' हा दर्जा शोधा. ज्वाळा बाजूला घेतली की ते स्वतःच विझतं.

वायर कुठल्या टोकाला?

पॅनेलवरच्या गोल होल्डरला दोन टोकं असतात, एक पाठीमागे मधोमध, एक बाजूला. फेज नेहमी मागच्या मधल्या टोकाला. बाजूचं टोक ट्रान्सफॉर्मरकडे. कारण टोपी फिरवून फ्यूज बाहेर काढताना तुमची बोटं पुढच्या बाजूला असतात. बाजूच्या टोकाला फेज दिली तर अर्धवट निघालेला फ्यूज बोटापर्यंत २३० व्होल्ट आणून देऊ शकतो. उलटं जोडलं तरी गाणी वाजतात, म्हणून ही चूक वर्षानुवर्षं लपून राहते.

सोल्डर करायचं असेल तर पटकन. आयर्न दहा सेकंद टेकवून ठेवलात की प्लास्टिक मऊ होऊन आतली पट्टी हलते, आणि तुम्ही स्वतःच सैल जोड तयार करता. जमल्यास क्रिंप केलेले लग वापरा, वर स्लीव्ह.

भिंतीतला सॉकेटही टेस्टरने बघा. अर्थचं मोठं भोक वर धरलं, तर फेज तुमच्या उजव्या हाताला हवा. जुन्या घरांत तो खूपदा डावीकडे सापडतो. मग तुमचा फ्यूज न्यूट्रलवर बसतो: उडाला तरी ट्रान्सफॉर्मरपर्यंत फेज जिवंतच. दोन पिनचा प्लग लावला असेल तर काय होईल ते नशिबावर. तीन पिनच लावा, आणि पिवळी-हिरवी अर्थची वायर कॅबिनेटच्या पत्र्याला स्वतंत्र बोल्टने आवळा, खालचा रंग खरवडून.

सेकंडरीचे फ्यूज

प्रायमरीचा फ्यूज सुरुवातीचा झटका सोसेल इतका ढिला ठेवावा लागतो, म्हणून सेकंडरीतली मध्यम गडबड त्याला कळत नाही. तिथे वेगळे फ्यूज हवेत. २४-०-२४ मध्ये दोन्ही २४ च्या वायरींना एकेक, ब्रिजच्या आधी, टी ५ अँपियर. मधल्या शून्याच्या वायरीला कधीही नाही. तो उडाला की सगळ्या सर्किटचा आधारच सुटतो.

बरेच जण हे फ्यूज ब्रिज आणि कपॅसिटरच्या नंतर, प्लस आणि मायनस लाइनवर लावतात. मला ते पटत नाही. समजा मायनसचा एकटा उडाला, तर अ‍ॅम्प्लिफायरचं आउटपुट प्लसकडे जाऊन बसू शकतं आणि ३०-३३ व्होल्ट डीसी थेट स्पीकरच्या कॉइलमध्ये. फ्यूजच्या नादात वूफर जळतो. ब्रिजच्या आधीचा एक उडाला, तर उरलेली बाजू प्लस आणि मायनस दोन्ही अर्धे-अर्धे भरत राहते. घरघर वाढते, तुम्हाला कळतं, स्पीकर वाचतो. तरी स्पीकर प्रोटेक्शनचा बोर्ड वेगळा लावाच.

इथेच होल्डर सगळ्यात जास्त सोसतो, हे लक्षात घ्या. प्रायमरीत एक अँपियर, इथे पाच. शिवाय कपॅसिटर करंट सलग ओढत नाही, झटक्या-झटक्याने ओढतो, त्यामुळे उष्णतेच्या हिशोबाने करंट डीसीच्या दीडपट-पावणेदोनपट धरावा लागतो. आपण सगळं लक्ष "२३० व्होल्ट, बाप रे" म्हणून मेनच्या होल्डरवर ठेवतो, आणि "२४ व्होल्ट तर आहे" म्हणत इथे लोंबता होल्डर लावतो. माझं तेच झालं.

सुरू करण्याआधी

नवा होल्डर बसवल्यावर तो मेनला लावायच्या आधी १ अँपियरचा प्रयोग करा. बेंच सप्लाय कॉलेजच्या लॅबमध्ये मिळेल: करंट लिमिट १ अँपियर, व्होल्टेज एक-दोन व्होल्ट, होल्डरमध्ये सेकंडरीचा फ्यूज. जितके मिलिव्होल्ट दिसतील तितके मिलिओहम. माझ्या नव्या चिमट्यांमध्ये फ्यूजसकट तीसच्या आत आलं. जुन्याचे ४२० आठवा. मल्टिमीटरच्या ओहमच्या रेंजवर हे मोजू नका, प्रोबच्याच वायरींचा रोध यापेक्षा जास्त असतो.

मग सिरीज बोर्ड. रिपेअरवाल्यांकडे असतो तो, शंभर वॉटचा बल्ब सिरीजमध्ये. बल्ब भपकन पेटून मंद झाला तर कपॅसिटर भरले, सगळं ठीक. तसाच लख्ख राहिला तर आत शॉर्ट आहे, फ्यूज वाया घालवू नका. यासाठी जुना तारेचा बल्बच लागतो, एलईडी चालत नाही. आमच्याकडचा शेवटचा शंभरचा बल्ब मी वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलाय.

खाऱ्या हवेत राहणाऱ्यांनी वर्षातून एकदा, पाऊस सरता सरता, पिन काढून फ्यूज बाहेर काढून बघावेत. टोपीवर हिरवी किंवा तपकिरी पूड दिसली तर फ्यूज बदला, पट्टीला कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारा. सँडपेपर नको, मुलामा जातो आणि पुढचा गंज दुप्पट वेगाने येतो. स्प्रिंग किंवा चिमटा ढिला लागला तर होल्डरच बदला. आणि उडालेल्या फ्यूजला सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद गुंडाळणाऱ्या दादांना अ‍ॅम्प्लिफायरपासून दूर ठेवा. मंडळात असा एक तरी असतोच.

या वर्षी अ‍ॅम्प्लिफायर मखराच्या मागे नाही, बाजूच्या स्टुलावर आहे, मागे हातभर मोकळी जागा. होल्डरच्या शेजारी पत्र्यावर मी मार्करने लिहून ठेवलंय: "टी २ ए एच, २५० व्ही, ५×२०, सिरॅमिक." खाली बाबांसाठी: "हाच. जाड तार नाही." ड्रॉवरमध्ये एक जादा फ्यूज आहे, आणि दहाची पाकिटं देवघराच्या खालच्या खणात, वातींच्या डब्याशेजारी, कारण आरतीच्या घाईत मी ऑफिसला असले तरी त्या खणात कुणीतरी हात घालणारच.